‘गुलाल’ चालू असताना मी का उठलो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो. ‘गुलाल’चा विषय निघाला की आपल्या गटात दोन तट पडतात. एकांच्या मते अनुराग कश्यपने याहून चांगला सिनेमा केलाच नाही. के के मेननचा दुकी बना आणि पीयूष मिश्राची गाणी एवढ्यावर ते रात्र काढू शकतात. दुसऱ्यांना तो किळसवाणा वाटतो. एकही माणूस धड नाही, कॉलेजात असं कुठे असतं का? मग दोन्ही तट माझ्याकडे वळतात. ‘तू तर थिएटरातून उठून गेला होतास ना?’ आणि मी तोंड उघडायच्या आत कारणही तुम्हीच सांगून मोकळे होता: याला रॅगिंगचा सीन झेपला नाही.

तो सीन मी पूर्ण पाहिला. कायदा शिकायला आलेल्या दिलीपला नागवं करून खोलीत ढकलतात, आणि आत त्याच अवस्थेत एक तरुण प्राध्यापिका असते. तेव्हा मी जागचा हललो नाही. ‘असं कुठे असतं का’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायचाही आता कंटाळा आलाय. महाराष्ट्राने 1999 साली रॅगिंगविरोधी कायदा केला, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला, तो काय हौस म्हणून? सिनेमा लागला 13 मार्च 2009 ला. त्याच्या पाचच दिवस आधी हिमाचलमधल्या टांडा मेडिकल कॉलेजचा अमन काचरू सिनियर्सच्या मारहाणीनंतर गेला. एकोणीस वर्षांचा मुलगा. असो.

मी उठलो ते नंतर. दिलीपच्या रूममेटचा, रणसाचा, खून होतो आणि राजपुतांचा पुढारी दुकी बना दिलीपला कॉलेजच्या जनरल सेक्रेटरीच्या निवडणुकीला उभं करतो. दिलीपला उभं राहायचं नसतं. पण ज्यांच्या आडोशाला आपण आजवर राहिलो, त्यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

आमच्या होस्टेलवर इंट्रो, म्हणजे ओळखीच्या नावाखालचं रॅगिंग, सुरू झाली की नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची, हे तुम्हाला माहीत आहे. आमचा सिनियर, दादा, तोही तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासमोर तो काय होता हेही मला माहीत आहे, म्हणून त्याच्याबद्दल कधी बोललो नाही. माझ्या इंट्रोच्या रात्री मला त्या खोलीतून बाहेर काढलं ते त्याने. दारात उभा राहून म्हणाला, ‘हा आपला आहे. याला हात लावायचा नाही.’ आवाजही चढवला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मेसच्या रांगेत मला कुणी मागे ढकललं नाही.

बदल्यात त्याने काही मागितलं नाही, निदान आधी तरी. मीच त्याच्या ड्रॉइंगच्या शीट्स काढायचो. खालून बल्ब लावलेल्या काचेवर जीटी मारत, म्हणजे दुसऱ्याची शीट खाली ठेवून गिरवत, बसलो की पहाटेपर्यंत बोटं गरम व्हायची, आणि खरं सांगू, बरं वाटायचं. मग मेस सेक्रेटरीची वेळ आली. त्याने फॉर्म पुढे सरकवला. नाव माझं, वर्ग माझा, रूम नंबर माझा, आणि अक्षर त्याचं. सहीची जागा तेवढी मोकळी. ‘तू फक्त सही कर, बाकीचं बघतो.’ पेनाचं टोपणसुद्धा त्यानेच काढून दिलं. मी सही केली. निवडून आलो, कपाळभर गुलालही लागला, आणि भांडाराच्या चाव्या त्याच संध्याकाळी त्याच्या खिशात गेल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पुढच्या वर्षी फर्स्ट इयरचा एक मुलगा माझ्या खोलीशी आला. आत येईना. नजर तिसऱ्या बटणावर, माझ्या. ‘सर, दादांना सांगा ना.’ मी सांगितलं. दादा उठला, गेला, आणि त्या खोलीच्या दारात उभा राहून तेच वाक्य बोलला. मुलगा सुटला. दिवाळीच्या सुट्टीआधी तो दादाची शीट काढत बसलेला मला दिसला.

मी काय करायला हवं होतं? रेक्टरकडे पाठवायचं? रेक्टर दादाच्याच गाडीवर मागे बसून स्टँडवर जायचे. मुलगा त्या रात्री मार खाण्यातून वाचला, ही गोष्ट खोटी नाही. तुमच्यापैकी कुणी वाचवलं असतं? नाही ना. मग.

तर पडद्यावर दिलीपच्या गळ्यात हार पडेपर्यंत मला थांबवलं नाही. बाकीचा सिनेमा मी पुढे घरी, एकट्याने पाहिला.

आणि तुमच्यापुढे वर्षानुवर्षं काय सांगत आलो? की उत्तरार्धात सिनेमातलं कॉलेज हरवतं, दिग्दर्शक राजपुतान्याच्या राजकारणात वाहवत जातो, सुरुवातीचं रॅगिंग नुसता धक्का द्यायला वापरलंय. ऐकायला जाणकाराचं वाटायचं. आता वाटतं, वाहवत वगैरे काही गेलेला नाही. रॅगिंग ही भरतीच असते. आधी पोराला घाबरवायचं, मग कुणीतरी येऊन त्याला आपला म्हणायचं. हे कश्यपला दिसलं होतं आणि मला बघायचं नव्हतं.

पण म्हणून मी तुमच्या पहिल्या तटात आलो असं समजू नका. दिलीपला निदान पुढची गोष्ट मिळते: निवडणूक, प्रेम, बंदूक. अनुजा, ती प्राध्यापिका, त्याच खोलीत होती. तिच्यावर तेच गुदरलं, आणि तिचं पुढे काय होतं याची सिनेमाला फारशी पडलेली नाही. हे मुद्दाम केलं असेल, तर का ते मला कुणीतरी समजावून सांगा. दुकी बनाचे संवाद म्हणून दाखवू नका, ते मला पाठ आहेत.