टाळ हातात असेपर्यंत

आमच्या कोल्हापुरात कुणी माळ घालतो म्हटलं की पहिली चर्चा मटणाची होते. तांबडा-पांढरा कसा सुटणार, याचीच घरात काळजी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला तंबाखू सोडायची होती. उद्यमनगरात लेथवर काम करतो. मशीन सुरू करायच्या आधी बार भरायचा, हा कामाला लागल्यापासूनचा शिरस्ता. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा डॉक्टर म्हणाले, सोडलीत तर हा जाऊही शकतो, नाही सोडली तर पुढचं सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी मनात धरून ठेवली. तलफ उसळते आणि तीन ते पाच मिनिटांत आपली आपण ओसरते. पहिला आठवडा सगळ्यात अवघड.

तो आठवडा मला टपरीपासून लांब काढायचा होता. आई म्हणाली, "नंदवाळला जा की, तिथंबी तोच इठ्ठल हाय." पण नंदवाळची दिंडी एका दिवसाची. मी आषाढीची पंढरीची पायी वारी धरली.

शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर सगळं पावसातच गेलं. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पायात भिजलेले मोजे. अंकलीच्या पुलावर कृष्णा गढूळ, फुगलेली. त्या दिवसांतलं दुसरं फारसं आठवत नाही, तलफ मात्र आठवते. जेवण झालं की जीभ गालात जायची. रात्री झोप नाही. कुणी साधं "माऊली, जरा सरका" म्हटलं तरी डोक्यात तिडीक.

आणि वारीत तंबाखू नाही असं थोडंच आहे! काकडा संपतो न संपतो तोच चंच्या सुटायच्या. चुन्याच्या डब्या उघडल्याचा आवाज मला पखवाजाच्या वर ऐकू यायचा. संताप यायचा. मटणाबद्दल सगळे बोलतात, तंबाखूबद्दल चकार शब्द नाही. गळ्यात माळ आणि गालात बार, हे मला आजही पटत नाही.

मिरजेच्या मुक्कामात टाळकऱ्यांच्या रांगेत एक जागा रिकामी झाली. विणेकरी बाबांनी न विचारता माझ्या हातात टाळ दिला. हरिपाठाच्या मध्येच तलफ आली, चांगली जोरात. तंबाखू मळायला एक तळहात आणि दुसऱ्या हाताचा अंगठा लागतो, आणि माझे दोन्ही हात टाळात गुंतलेले. तोंडात अभंग. एक संपला, दुसरा सुरू झाला, तेव्हा ध्यानात आलं की ती गेली होती. डॉक्टरांची तीन ते पाच मिनिटं म्हणजे एका अभंगाचा वेळ. त्या रात्री मी पांडुरंगापाशी एवढंच मागितलं, पुढची तलफ येईल तेव्हा तोंडात अभंग असू दे. आयुष्यभराचं काही मागितलं नाही.

मिरज ओलांडली आणि पाऊस मागं राहिला. पुढं कवठेमहांकाळपर्यंत कोरडं, पांढरं ऊन आणि तापलेला महामार्ग. भिजून मऊ पडलेल्या पायांची त्या रस्त्यानं दुपारपर्यंत दशा केली. २०२० साली एका जुन्या वडासाठी ज्या भोसे गावाजवळ महामार्गाचा आराखडा बदलला, त्याच्याच शिवारात मी मोरीच्या कठड्यावर बसलो. दिंडी पुढं गेली. टाळ दुसऱ्याच्या हातात दिला होता. समोर दंडोबाचा डोंगर, टाचेखाली पैशाएवढा फोड. कुणावर ते कळत नव्हतं, पण राग होता. आणि हात मोकळे.

मागच्या दिंडीतले एक आजोबा थांबले. "काय रं पोरा, पाय बघू." निपाणीकडचे. त्यांनी माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मला अवघडल्यासारखं झालं, मी ओढून घ्यायला लागलो तर म्हणाले, "गप बस. वारीत लाजायचं न्हाई." काडी पेटवून सुई धरली, खोबरेल लावलेला दोरा ओवला, फोडातून आरपार घातला आणि टोकं तशीच ठेवून कापली. पाणी निथळायला लागलं. ते होईपर्यंत बोलत होते. रानात तंबाखूच करतात. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात तेही हायवेवर बसलेले.

काम झालं तशी त्यांनी कमरेची चंची काढली. गाठ सोडली. वास आला आणि माझी नजर तिथंच खिळली. मी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, चंचीकडं बघितलं, गाठ परत मारली.

"सोडलीस व्हय?"

"सोडतोय, बाबा."

"माझ्या रानात पिकतंय. मला काय सुटत न्हाई." चंची त्यांनी पिशवीच्या तळाला घातली, वर धोतराची घडी ठेवली. मग संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत ते माझ्या चालीनं, म्हणजे फार हळू, बरोबर चालले. वाटेत अभंग म्हणत होते, मी मागून धरत होतो. तेवढ्या वेळात त्यांनी चंचीला हात लावला नाही. त्यांनाही तलफ येत असणारच. मुक्कामावर पोचलो तेव्हा मी पायावर डोकं ठेवलं, तर त्यांनीही वाकून माझ्या पायाला हात लावला. त्यांचं नाव विचारायचं सुचलं नाही.

जुनोनीजवळ टाळ थांबले. २०२२ च्या कार्तिकीला निघालेल्या आमच्याकडच्या जठारवाडीच्या दिंडीत इथं गाडी घुसली, सात वारकरी गेले. हात जोडून पुढं निघालो. सांगोला, मग पंढरपूर. चंद्रभागेत स्नान, गर्दीत कळसाचं दर्शन, येताना एसटी.

खरं अवघड परत आल्यावर होतं. दहाच्या चहाला टपरीवर मित्रानं मळलेला तळहात पुढं केला, सवयीनंच. आता त्या वेळेला मी टपरीवर जात नाही. मशीन बंद करून शेडच्या मागं उभा राहतो, हरिपाठाचे अभंग म्हणतो. मोठ्यानं म्हणतो, पुटपुटून भागत नाही. शेजारच्या मशीनवरच्या पोरानं परवा विचारलं, दादा, मलाही सुटेल का? पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सोडवणुकीचा नंबर त्याला दाखवला. सोमवारी त्याला माझ्या डॉक्टरांकडं नेणार आहे.