वॉकर, फुलर, टकर : आडनाव-नकाशा, नोंद ३

ही तिन्ही इंग्रजी आडनावं एकाच कामाची : कापड तुडवण्याच्या. मागावरून उतरलेलं लोकरी कापड तेलकट आणि विरविरीत असतं. ते शिळ्या मुतात, नाहीतर मुलतानी मातीच्या पाण्यात भिजवून तासन्‌तास तुडवायचं. तेल सुटतं, धागे एकमेकांत गुंततात, कापड आटून दाट होतं. मग चौकटीच्या आकड्यांवर ताणून वाळवायचं. हे करणारा आग्नेय इंग्लंडात फुलर, डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, उत्तरेत आणि वेस्ट मिडलंड्समध्ये वॉकर. वॉकर म्हणजे ‘चालणारा’ नव्हे. त्यामागच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ लोळवणं, घुसळणं. चालणं हा अर्थ मागाहून आला.

तिथल्या १८८१च्या जनगणनेवरून या आडनावांचा नकाशा झाला. पहिला आराखडा रद्द केला, कारण तो नुसत्या माणसांच्या संख्येवर होता आणि दाट वस्तीची लंडन, लँकेशर विनाकारण गडद दिसत होती. आडनावाची माणसं भागिले परगण्याची लोकसंख्या, गुणिले १०,००० असं केल्यावर टकर डेव्हनभोवती स्पष्ट गोळा होतो.

खरं काम १३७९च्या डोईपट्टीच्या (माणशी कराच्या) याद्यांत आहे, आणि तिथेच सगळ्यात मोठी चूक होते. कारकून लॅटिनमध्ये लिहायचा. ‘योहानेस फुल्लो’ (फुल्लो म्हणजे कापड तुडवणारा) एवढंच सापडलं, तर गावात त्याला वॉकर म्हणत की टकर, हे त्यावरून कळत नाही. अशा नोंदी ‘फुलर’मध्ये टाकल्या की यॉर्कशरमध्ये नसलेले फुलर उगवतात. म्हणून लॅटिन नोंदींना वेगळा रकाना; नकाशावर फक्त बोलीतली रूपं.

त्या रूपांचा शोधही सरळ नाही. टकर तेव्हा ‘टाउकर’, ‘टोकर’ असाही लिहिलेला असतो आणि त्या हस्ताक्षरात ‘सी’ व ‘टी’ जवळपास सारखे दिसतात. आजचं स्पेलिंग टाकून शोधलं तर निम्मं हातातून जातं. शोधताना स्वरांच्या जागी तारांकन (*, म्हणजे ‘काहीही चालेल’) टाका, आणि शक्य तिथे मूळ पानाचं छायाचित्र बघा.

आडनाव वंशपरंपरागत झालं होतं का, हे करावरून तपासता येतं. साध्या माणसाला ४ पेन्स, कारागिराला साधारण ६ किंवा जास्त, म्हणून धंद्याची नोंद बहुधा ६ पेन्सांपासून वरच्या ओळींतच मिळते. आधी त्या ओळी वेगळ्या काढा. आडनाव वॉकर आणि धंदा लोहार दिसला, तर आडनाव धंद्यापासून सुटलेलं आहे.

इथे एक गोष्ट विसरू नये. पाणचक्कीवर कापड कुटणाऱ्या गिरण्यांची नोंद इंग्लंडात ११८५च्या टेंपलर पाहणीतच (टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेच्या नोंदीत) आहे. आडनावं पक्की होईपर्यंत बऱ्याच ठिकाणी पायांचं काम लाकडी हातोडे करत होते.

नकाशाचा पुढचा थर या गिरण्यांच्या जागांचा. त्यानंतर १५३८पासूनच्या चर्च-नोंदवह्या, सुरुवात डेव्हनमधल्या एक्सेटरपासून. तिथल्या टकरांच्या संघाचं १४७१चं सभागृह आजही उभं आहे.