‘वंश’ आणि ‘वर्ण’ यांच्यात अडकलेले सात महिने

पीएचडीची नावनोंदणी आणि आराखड्याचे सादरीकरण यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ती कामे झाली. मी अडकले ती पुण्यातल्या एका संस्थेच्या नैतिकता समितीपुढे, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांना त्रास होऊ नये हे पाहून मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, एका इंग्रजी शब्दाच्या मराठी अनुवादावरून. त्या सात महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

दत्तक मुलाचा रंग व चेहरेपट्टी आईवडिलांहून उघडपणे वेगळी असेल, तर लोकांच्या शेऱ्यांना तोंड द्यायला ते मुलाला कसे तयार करतात, हा माझा विषय. यावरचे बरेचसे संशोधन अमेरिकेतले आहे. तिथे १९७२ मध्ये कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय मुले गोऱ्या घरांत दत्तक देण्यास जाहीर विरोध केला होता. मुलाला त्याच्या मूळ संस्कृतीची ओळख करून देणे आणि भेदभावासाठी त्याची तयारी करून घेणे, या दोन गोष्टी मानसशास्त्रज्ञ वेगवेगळ्या मोजतात. माझ्या प्रश्नावलीत दोन्ही होत्या.

तिच्या मूळ इंग्रजी मजकुरात जागोजागी ‘रेस’ (race) हा शब्द होता. मी ‘वर्ण’ लिहिले. अनुवाद तपासण्यासाठी, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या अनुवादकाने मराठीवरून पुन्हा इंग्रजी केले, तेव्हा त्याचे ‘कास्ट’ झाले, कारण ‘वर्ण’ म्हटल्यावर त्यांना चातुर्वर्ण्यच आठवले. अर्थ बदलल्याचा शेरा मारून समितीने अर्ज परत पाठवला. मग शब्दकोशातला ‘वंश’ घेतला आणि प्रश्न झाला: ‘तुम्ही मुलाशी त्याच्या वंशाबद्दल बोलता का?’ ज्या घराने नातेवाइकांकडून ‘वंशाचा दिवा’ हे शब्द वर्षानुवर्षे ऐकले आहेत, तिथे हा प्रश्न घेऊन जाणे मला क्रूरपणाचे वाटले. समितीला मात्र तोच शब्द हवा होता, कारण उलट अनुवादात तो बिनचूक ‘रेस’ होऊन आला होता. मी लेखी हरकत घेतली. उत्तर पुढच्या बैठकीत मिळेल, असे सांगण्यात आले आणि ती बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. मजकुरात काना-मात्रेचाही फरक नसताना अनुवादाचे प्रमाणपत्र दर वेळी नव्या तारखेचे मागितले जाई.

अखेर, केवळ शब्दांचा अर्थ विचारण्यापुरती, पाच पालकांना भेटण्याची परवानगी मी मागून घेतली. ती पहिल्याच अर्जात मागायला हवी होती. असे संशोधन करणार असाल, तर तुम्ही जरूर मागा. कोथरूडच्या एका आईंना ‘वंश’ या शब्दातून काय समजते ते विचारले. त्या म्हणाल्या, “वंश म्हणजे आमच्या घराण्याचं रक्त ना? मग ते ह्याच्यात कुठून येणार?” ही उत्तरे अर्जाला जोडली, एकच शब्द शोधण्याचा हट्ट सोडला आणि ‘रंग, चेहरेपट्टी किंवा मूळ प्रांत यांवरून’ असे सरळ लिहिले. मंजुरी मिळाली.

आणखी एक आठवले. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ७४ बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते, म्हणून शाळेचे आणि सोसायटीचे नावही कुठे नोंदवू नका. मुलाखत मध्येच थांबवता येते, हे संमतिपत्रात पहिल्या पानावर ठळक लिहा.

मंजुरीनंतर कोथरूडच्या त्याच आईंकडे पहिली मुलाखत होती. नवा प्रश्न वाचताच त्या शाळेच्या बसमधला एक प्रसंग सांगू लागल्या. मी त्यांना क्षणभर थांबवून संमतिपत्र पुढे केले. सही करता करताही त्या बोलतच होत्या.