आमची वाटचाल: लाल शोधत होतो, निळं निघालं

जमिनीखालच्या जुन्या खाणी शोधायचा आमचा धंदा. त्याची सुरुवात शेतकऱ्यांच्या बोअरपासून झाली. नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात आम्ही पाणी पाहून द्यायचो. जमिनीत सळया रोवायच्या, वीज सोडायची, जमीन ती किती अडवते तो रोध मोजायचा. आमच्या आधी नारळवाला पाणाड्या येऊन गेलेला असायचा, आणि त्याचे पैसे रोख मिळायचे.

जुन्या कोळसा खाणीचं पहिलं काम ओळखीतून आलं. गोदामासाठी घेतलेल्या जागेखाली खाण होती असं लोक म्हणत; नकाशा कुणाकडेच नव्हता. पाच-पाच मीटरवर ४८ इलेक्ट्रोड (त्याच सळया), म्हणजे २३५ मीटरची लाइन टाकली. तेवढ्यात चाळीसेक मीटर खोलीपर्यंतचं चित्र येतं. पोकळीत हवा, हवेतून वीज जात नाही, म्हणून चित्रात लाल, म्हणजे जास्त रोध, दिसेल तिथे बोअर घ्या, असं मी छातीठोक सांगितलं. तीन बोअर मारले. तिन्हींत अखंड कोळसा. उरलेलं बिल आलं नाही, आणि मागायला मला तोंड नव्हतं.

कोळसाही वीज अडवतो, त्यामुळे तोही लालच. शिवाय खाण बंद होऊन पंप थांबले की गॅलऱ्या, म्हणजे खाणीतले बोगदे, पाण्याने भरतात, आणि त्या क्षारयुक्त पाण्यातून वीज आरामात वाहते. म्हणजे शोधायचं ते निळं, कमी रोधाचं होतं. निळा पट्टा दिसला होता, पण ‘ही शेल असेल’ (चिकणमातीचा खडक, तोही निळाच दिसतो) म्हणून आम्हीच सोडून दिला होता. चौथा बोअर स्वखर्चाने त्यावर घेतला. २६ मीटरवर रॉड धाडकन अडीच मीटर खाली गेला आणि बोअरमधला चुरा वर आणायला सोडलेलं पाणी परत यायचं थांबलं, म्हणजे खाली पोकळी होती. ड्रिलर नुसता हसला.

नंतर जमिनीत लहरी सोडून आतलं पाहणारा रडारही भाड्याने आणून पाहिला. काळ्या मातीत त्याला मीटरभराच्या खाली काही दिसेना, भाडं गेलं. ग्रॅव्हिमीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षण मोजणारं यंत्र, मात्र कामाला आला. गुरुत्वाकर्षण साधारण ९८ कोटी मायक्रोगॅल (ते मोजायचं एकक), आणि वीस मीटर खोलीवरच्या एकट्या रिकाम्या गॅलरीमुळे त्यात फरक पडतो दहाएक मायक्रोगॅलचा. शेजारून कोळशाचा ट्रक गेला तरी रीडिंग नाचतं, म्हणून आम्ही रात्री दोननंतर मोजतो.

धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला जुन्या खोदकामातलं पाणी फुटलं आणि ३७५ माणसं गेली. जुन्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम न्यायचं नाही, असा नियम आहे. पण जुनं खोदकाम संपतं कुठे हेच माहीत नसेल, तर ६० मीटर मोजायचे कुठून? आमचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालतो. घुग्घूसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक घर जमिनीत गडप झालं, तेव्हापासून प्लॉटवाल्यांचेही फोन येतात.

आज आम्ही सहा जण आहोत. मे महिन्यात जमीन तडकलेली असते, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रोडच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततो. लाइन टाकण्याआधी गावात निवृत्त खाण कामगार शोधतो, ही सवय मात्र उशिरा लागली. परवा एक म्हातारे सरदार (खाणीतले मुकादम) काठी टेकत कपाशीत शिरले. नकाशात जिथे पिलर, म्हणजे छत तोलायला सोडलेले कोळशाचे खांब, उभे दाखवलेत तिथे थांबून म्हणाले, “साहेब, इथून पुढचे पिलर आम्ही काढून घेतले होते.” आमच्या चित्रात निळं तिथूनच सुरू होतं.

तिथला बोअर वेचणी संपल्यावर. त्याआधी शेतकरी रिग आत येऊ देत नाही.