हिरवा पूल आणि मामांची ओटी टेस्ट

अमेरिकेत फिनिक्समध्ये घर घेतलं आणि मागे स्विमिंग पूल आहे म्हटल्यावर कोल्हापुरात नुसती चेष्टा. पाठीला डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकलेलं पोरगं आता घरचा हौद बाळगणार! हौद साधारण ५५ हजार लिटरचा. बाळगणं मात्र म्हैस पाळण्यासारखं, एक दिवस सुट्टी नाही.

गणपतीच्या आधी पाणी हिरवं पडलं. पायरीवर हात फिरवला तर बुळबुळीत. तपासलं तर पीएच ७.५, क्लोरीन ३. म्हणजे सगळं ठीक, आणि शेवाळ जोरात!

मामांना व्हिडिओ कॉल लावला. करवीर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या टाकीत त्यांनी आयुष्यभर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली.

"तुरटी फिरीव की."

तुरटीनं गाळ खाली बसतो, शेवाळ मरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग मुद्द्यावर आले. "ओटी केलीस का? पिवळं येतंय?"

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. गावातल्या नळाच्या पाण्यात त्याचे थेंब टाकून क्लोरीनची जी पिवळी झाक बघतात, तेच थेंब माझ्या इथल्या किटमध्ये आहेत. तिकडे नळाला ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) क्लोरीन उरलं तरी चालतं, पूलला १ ते ३ लागतं. माझी नळी हळदीसारखी पिवळी. मामा गप्प झाले. "पिवळं हाय, तरी हिरवं?"

उत्तर पूलच्या दुकानात मिळालं. सायन्युरिक अॅसिड १२०. हवं ३० ते ५०. क्लोरीन उन्हात उडून जाऊ नये म्हणून ते लागतं, पण फार झालं की क्लोरीनला असं धरून ठेवतं की नळीत दिसतं, काम करत नाही. आणि ते आलं कुठून? मी दोन वर्षं आळसानं तरंगत्या डबीत क्लोरीनच्या ज्या गोळ्या ठेवत होतो, त्यांतूनच. पाण्याची वाफ होते, हे मागे राहतं. रस्सा आटल्यावर मीठ चढतं तसं.

औषध एकच, पाणी बदलणं. निम्मं पाणी काढलं की आकडाही निम्मा. इथं ते रस्त्यावर सोडायला बंदी, म्हणून ड्रेनेजच्या पाइपात सोडलं. मामा हळहळले, "उसाच्या किती सऱ्या भिजल्या असत्या रं!"

नवीन पाणी भरल्यावर आधी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२० मध्ये आणली, मग पीएच. इथं पीएच सारखा वर पळतो, म्हणून तो उतरवायचं वेगळं अॅसिड घालावं लागतं. बादलीत आधी पाणी, मग अॅसिड. उलटं केलं तर अंगावर उडतं. क्लोरीनच्या डब्याजवळ तर ते न्यायचंच नाही, विषारी वायू होतो. पातळ क्लोरीन सूर्य बुडाल्यावर ओतायचं. तीन रात्री ओतलं, भिंती घासल्या, फिल्टर दिवसरात्र चालू ठेवला. चौथ्या सकाळी तळाची जाळी दिसली.

आता दर रविवारी मामांचा कॉल येतो. पोरांची चौकशी नंतर. "नळी दाखीव." मी ती कॅमेऱ्यासमोर धरतो. ते चष्मा कपाळावर सरकवून बघतात आणि म्हणतात, "फिकी वाटतीय जरा."