भांड्यांवरील नावांपासून मँडोलिनच्या टेलपीसपर्यंत : आमची वाटचाल

नाशिकच्या भांडी बाजारात आमच्या घराचा धंदा आजोबांपासून एकच आहे, तो म्हणजे धातूवरील खोदकाम. आजोबा भांड्यांवर नावे घालत. लग्नात द्यायचा तांब्या असो, धनत्रयोदशीला घेतलेली परात असो, देणाऱ्याचे नाव आणि तारीख पडल्याशिवाय भांडे दुकानातून हलत नसे. दुकानाच्या पायरीवर बसून, भांडे मांडीत धरून, छिन्नी आणि छोट्या हातोडीने ते काम चाले. पुढे पितळेची जागा स्टीलने घेतली आणि छिन्नीची जागा विजेवरच्या पेनाने. ते पेन धातू कापत नाही, नुसते ठिपके पाडत जाते, आणि ते चालवायला फारसा सराव लागत नाही. साहजिकच नाव घालण्याच्या कामात कारागिराला मोल उरले नाही. वडिलांनी तेव्हा सराफ बाजाराची वाट धरली. चांदीची ताटे, ताम्हने, पानाचे डबे आणि देव्हाऱ्यांचे पत्रे यांवर वेलबुट्टी काढण्याच्या या कामाने आमचा हात तयार केला. असाच एक पानाचा डबा पाहून एका वाद्य बनवणाऱ्या कारागिराने विचारले, की हेच काम मँडोलिन या तंतुवाद्याच्या टेलपीसवर, म्हणजे तारा अडकवण्याच्या धातूच्या भागावर, करून द्याल का. आज आमच्याकडे येणाऱ्या कामातील मोठा भाग मँडोलिनच्या धातूच्या भागांचा आहे.

मँडोलिन आपल्याला अगदीच परके नाही. सज्जाद हुसेन यांचे वादन जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या रसिकांना ठाऊक आहे आणि यू. श्रीनिवास यांनी तर हे वाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाने बसवले. मात्र आमच्याकडे येणारे भाग बहुधा वेगळ्या घराण्यातील मँडोलिनचे असतात. अमेरिकेतील गिब्सन या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने १९२२ मध्ये एफ-५ नावाचे मँडोलिन बाजारात आणले. त्याच्या घडणीत लॉइड लोअर यांचा मोठा वाटा होता. व्हायोलिनसारखी कोरून काढलेली फुगीर तबकडी, इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची ध्वनिरंध्रे आणि खांद्यापाशी लाकडाचे एक सुंदर वेटोळे, ही त्याची ओळख. आज हाताने मँडोलिन घडवणारे अनेक कारागीर हीच घडण प्रमाण मानतात. अशा वाद्यात धातू थोडाच असतो : तारा अडकवण्याचा टेलपीस, खुंट्यांच्या दोन पट्ट्या, डोक्यावरील ट्रस रॉडचे (मानेच्या आतल्या आधाराच्या सळईचे) लहानसे झाकण (हे पुष्कळदा प्लास्टिकचेही असते) आणि क्वचित हात टेकण्याची पट्टी. नक्षीला जागा मिळते ती एवढीच.

टेलपीस दिसायला दागिना असला तरी तो भार पेलणारा भाग आहे. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात आणि स्वरात मिळवल्यावर त्यांचा एकूण ताण साधारण ८० किलोपर्यंत जातो. जुन्या पद्धतीच्या टेलपीसमध्ये खालची पट्टी हा ताण घेते आणि तिच्यावर पातळ पत्र्याचे झाकण सरकवलेले असते. हे झाकण जरा सैल बसले, की ठरावीक स्वराला झिणझिणते. म्हणून वादक त्याच्या आत नमद्याचा तुकडा ठेवतात. नक्षी काढताना पत्रा ताणला गेला किंवा कडा किंचित उघडली, तर झाकण ढिले होऊन हीच झिणझिण आम्ही वाद्याला लावून दिली असे होईल. त्यामुळे आमच्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना आम्ही पहिल्यांदा झाकण बसवायला आणि काढायला लावतो, खोदकामाचे कलम नंतर हातात देतो. काहींना हे अपमानास्पद वाटते. त्याला आमचा इलाज नाही.

पत्र्याचे झाकण पोकळ असल्यामुळे ते तसेच शेगड्यात (काम घट्ट पकडण्याच्या साधनात) धरता येत नाही. आम्ही त्याच्या पोकळीत गरम राळ भरतो, ती थंड होऊन घट्ट झाली की पत्र्याला खालून आधार मिळतो, आणि मगच वर कलम चालते. फिरत्या गोल शेगड्यात काम धरलेले असते. वळणदार रेष काढताना उजवा हात जवळजवळ जागेवर राहतो आणि डावा हात कामच फिरवत जातो. १२० अंशांचे व्ही आकाराचे कलम धातूत शिरले की पुढे तार निघावी तसा कीस वळत येतो. कलम किंचित कलते केले की रेष एका बाजूला रुंदावते आणि परत सरळ केले की केसासारखी बारीक होते. वेलीच्या पानाला फुगवटा येतो तो या कलण्यामुळे. रेषेची खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, तरीही खाचेच्या दोन उतारांवर प्रकाश वेगवेगळा पडतो आणि वाद्य हलले की नक्षी लखलखते. त्यासाठी कलमाची टाच, म्हणजे टोकाखालचा धातूवर टेकणारा भाग, आरशासारखी घासलेली हवी. टाचेवर सूक्ष्म ओरखडा असला तरी तो प्रत्येक रेषेच्या पोटात उमटतो.

धातूप्रमाणे हात बदलावा लागतो. शिसे मिसळलेल्या पितळेचा कीस चटकन तुटतो आणि ते कापायला सोपे जाते. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ मऊ असले तरी कलमाला चिकटते. जर्मन सिल्व्हर, ज्यात नावापुरतीही चांदी नसते, निकेलमुळे कडक असते आणि कलमाचे टोक लवकर खाते. ओतीव टेलपीस जाड म्हणून बिनधास्त वाटतो, पण ओतकामात राहिलेले बारीक छिद्र नेमके पानाच्या टोकाशी उघडे पडते. तेथे नक्षी बदलून ते छिद्र फुलाच्या मध्यात घ्यावे लागते. खुंट्यांच्या पट्ट्यांवर तर स्क्रूची भोके आणि दातेरी चाके सोडून जेमतेम बोटभर जागा उरते.

परदेशातील कारागीर सहसा तेथील रुढ नक्षी मागतात, म्हणजे अकँथस नावाच्या झाडाच्या कातरलेल्या पानांची वळणे. ती लाकडातील वेटोळ्याशी जुळतातही. आम्ही हळूहळू त्यांच्यापुढे आपले नमुने ठेवू लागलो : पैठणीच्या पदरावरील मोर, कुयरी, आणि आमच्या जिल्ह्याची द्राक्षवेल. मोर सर्वांना आवडतो, पण एवढ्याशा जागेत तो कोंबडीसारखा दिसू लागतो, हे माझे प्रामाणिक मत आहे. द्राक्षाचे पान मात्र या कामासाठीच घडले असावे. त्याच्या शिरा कलमाला आपोआप दिशा देतात.

नक्षीइतकाच कस नंतरच्या मुलाम्यात लागतो. सगळे घासकाम आणि झिलई नक्षीच्या आधी व्हायला हवी. एका प्लेटिंगवाल्याने आमचे पूर्ण झालेले टेलपीस मुलाम्यापूर्वी नेहमीच्या सवयीने बफवर (झिलईच्या फिरत्या चाकावर) धरले आणि रेषांच्या सर्व धारा गोल करून परत पाठवले. चकाकी भरपूर होती, नक्षी मेली होती. तेव्हापासून मुलामा पातळ द्यायचा आणि बफ लावायचा नाही, हे आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो आणि शक्यतो समोर उभे राहून करून घेतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेले आणि बाजारातील दुकानांत शिरले. भांडी धुऊन निघाली, पण पोलादी कलमांना आणि कागदावरील जुन्या नमुन्यांना ते पाणी मानवले नाही. त्यानंतर खोदकामाचा कारखाना आम्ही उंचावरील जागेत नेला आणि बाजारात फक्त दुकान ठेवले.

लेझरने हेच काम स्वस्तात होते, असे सांगणारे ग्राहक येतात. एकसारख्या अक्षरांसाठी आणि चिन्हांसाठी लेझर खरोखर चांगला आहे, आणि तसे काम असेल तर आम्हीच त्यांना लेझरवाल्याकडे पाठवतो. हाताच्या कामाची मजुरी आम्ही नक्षीच्या चौरस मापावर न घेता लागणाऱ्या दिवसांवर घेतो आणि कागदावरील नमुना मंजूर झाल्याशिवाय धातूला हात लावत नाही. भाग पाठवताना त्यावर मुलामा नसावा, खुंट्या पट्टीपासून सुट्या कराव्यात आणि झाकणासोबत खालची पट्टीही पाठवावी, एवढीच आमची कारागिरांना विनंती असते. पट्टी हाती नसेल, तर झाकण पुन्हा नीट बसते की नाही हे आम्हाला येथे तपासता येत नाही.