मी सोबत म्हणून गेले होते

माझ्या भावाला अकरावीत असताना वर्गात हसतो म्हणून बाहेर उभं केलं होतं. सर शिकवतायत आणि हा समोर बसून दात दाखवतोय. घरी आल्यावर आप्पांनीपण एक ठेवून दिली, तेव्हासुद्धा तो हसतच होता, म्हणून दुसरी दिली. आज वाटतं तिथंच आम्हाला कळायला पाहिजे होतं की हे पोरगं हसत नाहीये, त्याचं तोंडच तसं राहतंय. पण कोणाला कळणार, आम्ही चोपडा तालुक्यातली माणसं, केळी आणि कापूस यातलं विचारा, मेंदूतलं कुठं.

पिंटू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्याचं अक्षर आधी मोत्यासारखं होतं, दहावीनंतर ते बिघडत गेलं, आधी वाकडं मग गिचमिड, मग त्याचं त्यालाच वाचता येईना. उशी सकाळी लाळेनं ओली. बोलताना जीभ जड, फोनवर मामा विचारायचे, काय रे झोपेतून उठलास का. आणि हात पुढे धरले की थरथर, आणि कोपरात वाकवून बाजूला पसरले तर पाखरानं पंख मारावेत तसे फडफडायचे. आम्ही सगळ्यांनी मिळून काढलेलं निदान होतं मोबाईल. आजीचं वेगळं होतं. ती म्हणायची, कोनीतरी नजर लाई दिन्ही पोरले. मग ते उतरवणं, ते लिंबू, अमावस्येला एका ठिकाणी नेणं, सगळं झालं, त्यात माझीपण हजेरी होती, उगाच शहाणपणा सांगत नाही.

डॉक्टरही कमी केले नाहीत. एकानं विटामिनची इंजेक्शनं दिली. एकानं अभ्यासाचं टेन्शन सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यानं लाळ अजून वाढली. एकानं हाताची थरथर घराण्यात असते कधीकधी म्हणून सोडून दिलं. चौदा महिने गेले यात. कोणाचं नाव घेण्यात अर्थ नाही, हा आजार तीस हजारात एखाद्याला, तालुक्याच्या डॉक्टरला आयुष्यात एकदा दिसला तर दिसला.

मग जळगावला एका न्यूरॉलॉजिस्टकडे नंबर लागला. सकाळी सहाची एसटी, तापीचा पूल ओलांडला तेव्हा उजाडत होतं, पिंटू खिडकीला डोकं टेकून आणि आई त्याची लाळ पुसत. डॉक्टरांनी हातपाय बघितले, चालायला लावलं, एक गोल गोल रेघ काढायला लावली, आणि मग फाईल बंद करून आईला विचारलं, याला लहानपणी कावीळ झाली होती का?

आई म्हणाली, हो, सहावीत असताना. महिनाभर होती. गावठी औषध घेतलं, माळ घातली गळ्यात, ती लांब होत गेली आणि उतरली. डॉक्टर म्हणाले, आणि आईवडील नात्यातले का? आता हे त्यांना कसं कळलं म्हणून आई माझ्याकडे बघायला लागली, कारण ती आप्पांच्या सख्ख्या मामाची मुलगी. झालं. त्यांनी औषध काही दिलंच नाही, चिठ्ठी लिहिली आणि समोरच्या गल्लीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. थरथर हाताची आणि तपासणी डोळ्याची, मला वाटलं हे आता एकमेकांना पेशंट देतायत.

तिथं स्लिट लॅम्प म्हणून मशीन असतं, हनुवटी टेकवून बसायचं. पाच मिनिटांचं काम. बुबुळाच्या कडेला सोनेरी तपकिरी रिंग. डोळ्यांच्या मॅडमनी मलासुद्धा दाखवली, अगदी पितळेच्या ताटाची कड असते ना तशी, आणि त्या म्हणाल्या हे तांबं आहे. तिला कायझर-फ्लायशर रिंग म्हणतात, 1902 आणि 1903 मध्ये दोन जर्मन डॉक्टरांनी ती लिहून ठेवली होती. म्हणजे सव्वाशे वर्षं जुनी खूण माझ्या भावाच्या डोळ्यात होती आणि आम्ही लिंबू उतरवत होतो.

आजाराचं नाव विल्सन. किनियर विल्सन नावाचे लंडनचे डॉक्टर होते, त्यांनी 1912 मध्ये याच्यावर मोठा लेख लिहिला, लिव्हर आणि मेंदू दोन्ही एकत्र बिघडतात म्हणून. मला जेवढं समजलं ते असं, आपण जेवणातून थोडं थोडं तांबं खातोच, ते शरीराला लागतं पण अगदी चिमूटभर, उरलेलं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. ते टाकणारा जो पंप आहे तो एका जीनमुळं बनतो, एटीपी सेव्हन बी, तो 1993 मध्ये सापडला. आई आणि बाप दोघांकडून खराब कॉपी आली की पंप बंद. मग तांबं लिव्हरमध्ये साठतं, तिथं जागा संपली की रक्तातून मेंदूत, डोळ्यात. सहावीतली कावीळ म्हणजे पहिला टप्पा होता. उतरली ती माळेनं नाही, आपोआप उतरली, आणि आम्ही खूश.

आता खरी फजिती. चोवीस तासांची लघवी गोळा करायची होती, त्यात तांबं किती जातं ते मोजायला. लॅबवाल्यानं पांढरा प्लास्टिकचा कॅन दिला आणि नीट सांगितलं, सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक यात, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. एवढं आम्ही पाळलं. पण पिंटूचे हात थरथरायचे, कॅनचं तोंड छोटं, म्हणून आईनं मोरीतला तांब्या दिला त्याला, त्यात कर मी ओतते. तांब्या पितळेचा! रिपोर्ट असा आला की लॅबवाल्यानं स्वतः फोन केला, ताई हे कशात गोळा केलं होतं. पितळेत अर्ध्याहून जास्त तांबंच असतं. पैसे गेले, परत कॅन, परत एसटी. दुसऱ्या वेळी आला 412, शंभरच्या वर म्हणजे संशय पक्का. रक्तात तांबं वाहून नेणारं एक प्रोटीन असतं, सेरुलोप्लाझ्मिन, ते वीसच्या वर पाहिजे ते 6. आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या मधल्या भागात एक चित्र दिसतं त्याला डॉक्टर लोक पांडाचं तोंड म्हणतात, आम्हाला स्क्रीनवर दाखवलं, खरंच पांडासारखं. पिंटू एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खरोखर हसला तेव्हा.

तांब्यावरून आठवलं. कावीळ झाल्यापासून आई त्याला रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी द्यायची, लिव्हरला चांगलं म्हणून. पाच वर्षं, न चुकता. हे डॉक्टरांना सांगताना ती रडायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, काकू तुमच्या पाण्यानं आजार झालेला नाही, तो जन्माचा आहे, पण आजपासून ते भांडं बंद. घरी आल्यावर आप्पांनी आजीच्या लग्नातला तांब्याचा हंडा, कळशी, सगळं माळ्यावर टाकलं. आजी दोन दिवस बोलली नाही कोणाशी. आणि गावात जो येतो तो अजून सांगतोच, तांबानं पानी पाजा, सगळं बरं व्हई जाई.

औषध पेनिसिलामाईन. या आजारावर ते 1956 मध्ये वॉल्श नावाच्या डॉक्टरनं आणलं, त्याआधी या आजाराच्या पोरांचं पुढे काय व्हायचं ते मी रात्री मोबाईलवर वाचलं आणि फोन उलटा ठेवून दिला. हे औषध तांब्याला पकडून लघवीतून बाहेर काढतं. रिकाम्या पोटी घ्यायचं, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर, सोबत बी-सिक्सची गोळी. आणि सारखं रक्त-लघवी तपासायचं कारण किडनी आणि प्लेटलेटवर परिणाम होऊ शकतो. आमच्याकडे सहज मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागतं, एकदा आठ दिवस स्टॉक नव्हता तर मेहुणे रात्रीच्या ट्रेननं जाऊन घेऊन आले.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की सुरुवातीला काहींचं उलट बिघडतं, साठलेलं तांबं हलतं ना. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात पिंटूला घास गिळता येईना, चालताना पाय आखडायचे. आप्पा म्हणाले बंद करा हे विष, पोरगं चालत गेलं होतं ते उचलून आणायची वेळ आणली. त्या रात्री घरात जे भांडण झालं ते लिहीत नाही. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस खाली आणला आणि मग पंधरा-पंधरा दिवसांनी थोडा थोडा वाढवत नेला. बंद नाही केलं. हे बंद करायचं औषधच नाही, जन्मभराचं आहे. सहा महिने काहीच फरक दिसला नाही, नंतर एक दिवस लक्षात आलं की उशीचं कव्हर दोन दिवस बदललेलं नाही.

खाण्याचं पथ्य आमच्या खान्देशात म्हणजे शिक्षाच. कलेजी बंद, काजू-बदाम बंद, चॉकलेट, मशरूम बंद, तीळ, सुकं खोबरं, शेंगदाणे पहिलं वर्षभर जपून. आता शेंगदाणे आणि खोबऱ्याशिवाय आमच्याकडे काय होतं सांगा. शेवभाजीचा मसाला काय, भरीत काय. थंडीत शेतात भरीताची पार्टी झाली तेव्हा आईनं त्याचं वांगं वेगळं भाजून नुसतं मिरची-लसूण घालून दिलं, आणि तो सगळ्यांच्या ताटाकडे बघत बसला होता.

आता माझं. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, सख्ख्या भावंडांना चारात एक शक्यता असते, दोघी बहिणींची टेस्ट करून घ्या. मधली बहीण शिरपूरला दिलेली, तिच्या सासूला आधी पटलं नाही, पण जावई समजूतदार, केली आणि ती व्यवस्थित निघाली. मी टाळत होते. मला काय होतंय, चोवीस वर्षांची, पतसंस्थेत नोकरी, दिवसभर पैसे मोजते हात कधी हलला नाही. पिंटूच्या फॉलोअपला सोबत म्हणून गेले होते, म्हटलं आलोच आहे तर देऊ रक्त, त्याचं मन राहील.

सेरुलोप्लाझ्मिन 9 आलं.

तरी डॉक्टर म्हणाले यावरून ठरत नाही, नुसता कॅरियर असला, म्हणजे एकच कॉपी खराब असली तरी कधीकधी कमी येतं. डोळे स्वच्छ. कॅन (प्लास्टिकच्या मगात, या वेळी) 138. लिव्हरचा एक आकडा थोडा वर. मग जीनची टेस्ट, रक्त पाठवलं आणि रिपोर्टला बरेच आठवडे लागले, तेवढ्या दिवसांत मी रोज आरशासमोर हात पसरून बघायचे फडफडतात का, आणि जुन्या चेकवरच्या सह्या आताच्या सहीशी ताडून बघायचे. याच दिवसांत कधीतरी बंगलोरच्या निम्हान्स या मेंदूच्या आजारांच्या मोठ्या संस्थेतल्या डॉक्टरांचा पेपर हाताला लागला, 2007 चा, तीस वर्षांत बघितलेल्या 282 विल्सनच्या पेशंटचा. अर्धं समजलं नाही. पण आपल्यासारखे 282 जण, आपल्याच देशातले, एका ठिकाणी मांडलेले बघून का कोण जाणे झोप लागली त्या रात्री.

रिपोर्ट आला, दोन्ही कॉपी खराब. म्हणजे मीपण.

मला लक्षणं नाहीत म्हणून पेनिसिलामाईनऐवजी झिंक दिलंय. झिंकमुळं आतड्याच्या आतल्या थरात एक प्रोटीन तयार होतं, ते तांब्याला तिथंच धरून ठेवतं आणि तो थर गळून संडासवाटे निघून जातो. दिवसातून तीनदा, रिकाम्या पोटी, आणि मळमळ अशी की पहिला महिना मी काउंटरवर खिशात लवंग ठेवून बसायचे. डॉक्टर म्हणाले तू नशीबवान आहेस, मेंदूपर्यंत जायच्या आत सापडलीस. घरी हे सांगितलं तर पिंटू बराच वेळ गप्प होता आणि मग त्याच्या त्या जड जिभेनं म्हणाला, ताई मी आधी पडलो म्हणून. तो म्हणाला ते खरंच आहे, त्यावर मी काय बोलणार होते.

स्थळांचं विचाराल तर नंदुरबारचं एक जवळजवळ ठरलं होतं. आत्या म्हणाली सांगू नको, गोळी तर रोज बीपीवालेपण घेतात. मी सांगितलं, त्यांनी आधी हो-हो केलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. डॉक्टरांनी तर कागदावर गणित करून दिलंय, बाहेरचा मुलगा असेल तर तो कॅरियर असण्याची शक्यता नव्वदात एक, त्यामुळं मूल आजारी निघायची शक्यता साधारण दोनशेत एक, आणि गरोदरपणात औषध थांबवायचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवायचं. फक्त नात्यात नको. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. आत्याच्या मुलाचं नाव आजी अजून अधूनमधून काढते, तेव्हा आईच तिला गप्प करते.

पिंटूनं बारावी लेखनिक घेऊन दिली. फर्स्ट क्लास हुकला थोडक्यात. आता सही स्वतः करतो, लांबलचक होते पण करतो, बोलणं सत्तर टक्के कळतं, फोनवर कमी.

दर काही महिन्यांनी जळगावला कॅन घेऊन जावं लागतं, आता दोन कॅन, एकावर त्याचं नाव एकावर माझं. सकाळचीच एसटी, कापडी पिशवीत गुंडाळून पायाशी. मागच्या वेळी गर्दी होती, कंडक्टरनं पिशवीला पाय लागल्यावर विचारलं, काय शे यामा, ताक? मी काही बोलायच्या आत पिंटू म्हणाला, हां, ताक शे. मग कंडक्टरनंच ते सांडू नये म्हणून दोन्ही कॅन उचलून ड्रायव्हरच्या मागच्या जागेत सरळ उभे करून ठेवले, आणि धरणगावपर्यंत मधूनमधून वळून बघत होता नीट आहेत का.